एका अक्षराला एक मिलिमीटर: हिपॅटायटिस बी विषाणूची प्रत कशी निघते, हे फरशीवर मांडून पाहण्याची रीत

हिपॅटायटिस बी विषाणूचा संपूर्ण जनुकीय मजकूर सुमारे ३,२०० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे तितक्याच अक्षरांचा आहे. भारतात या विषाणूचे ए आणि डी हे जनुकप्रकार जास्त आढळतात आणि त्यांतील डी प्रकाराचा मजकूर ३,१८२ अक्षरांचा असतो. एका अक्षराला एक मिलिमीटर असे प्रमाण धरले, तर हा मजकूर ३ मीटर १८ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीवर बसतो आणि त्या पट्टीचे वर्तुळ केले, तर त्याचा व्यास एक मीटरपेक्षा किंचित जास्त भरतो. वर्गातली बाके भिंतीकडे सरकवली की एवढी जागा कोणत्याही महाविद्यालयात सहज निघते, आणि या विषाणूच्या बाबतीत मिळणारी ही सोय इतर बहुतेक विषाणूंच्या बाबतीत मिळत नाही.

कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना मी अनेक वर्षे हा विषय फळ्यावर दोन वर्तुळे आणि सात-आठ बाण काढून शिकवला. विद्यार्थी आकृती बिनचूक उतरवून घेत आणि परीक्षेत बिनचूक काढतही, पण मजकुरापेक्षा त्याची आरएनए प्रत लांब का असते, किंवा वर्तुळाच्या एका धाग्याची दोन्ही टोके एकमेकांवर का चढलेली असतात, हे विचारले की वर्ग गप्प होई. दोष आकृतीचा होता. या विषाणूच्या प्रतिकृतीचे सगळे मर्म धाग्यांच्या टोकांशी घडते, आणि फळ्यावरच्या गोल रेषेला टोकच नसते. पट्टीला मात्र टोक असते, ते हातात धरता येते आणि मोजता येते. म्हणून पुढे दिलेली रीत पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, तसेच त्यांना शिकवणाऱ्यांसाठी लिहिली आहे. चार जणांचा गट आणि दोन तासांचा वेळ तिला पुरतो.

साहित्य आणि आखणी

दुकानात बिल छापण्यासाठी वापरतात तो कागदी रोल या कामाला उत्तम. महाद्वार रोडवर किंवा लक्ष्मीपुरीत तो कुठेही मिळतो. साधारण १७ मीटर कागद लागेल. हा कागद उष्णतेने उमटणारा असेल, तर त्याच्या एका बाजूला नखाने ओरखडा काढल्यावर काळी रेघ उमटते. आपण लिहिताना दुसरी, कोरी बाजू घ्यावी. निळे, लाल आणि हिरवे स्केच पेन, कातर, चिकटपट्टी, खडू, दोरा आणि शिंपी वापरतात ती मोजपट्टी एवढे जवळ असावे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून ओंजळभर शाडूची माती आणली, तर पट्ट्या उभ्या धरायलाही ती उपयोगी पडते आणि प्रथिनांच्या जागी गोळे म्हणूनही.

पट्टी फरशीवर आडवी ठेवून वर्तुळात वळवता येत नाही, ती लगेच चुरगळते. म्हणून प्रत्येक पट्टी लांबीच्या दिशेने मधोमध दुमडून घ्यावी आणि कडेवर उभी करावी. अशी पट्टी कुंपणासारखी वळते आणि शाडूच्या लहान गोळ्यांच्या आधाराने उभी राहते.

५० सेंटिमीटर ६ मिलिमीटर लांबीच्या दोऱ्याने फरशीवर खडूचे वर्तुळ काढावे. वर्तुळावर एक आरंभबिंदू ठरवून तेथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अंतरे मोजावीत आणि पाच जागांवर खुणा कराव्यात. १५९० ते १६०० ही अकरा अक्षरे म्हणजे डीआर-२ (डीआर म्हणजे मजकुरात दोनदा येणारा एकच तुकडा). १८१८ ते १८२६ ही नऊ अक्षरे. या जागेला आपण 'दुहेरी जागा' म्हणू, कारण एका धाग्यात ती दोनदा येणार आहे. १८२४ ते १८३४ म्हणजे डीआर-१. १८४७ ते १९०७ हा एप्सिलॉन नावाचा भाग, जो आरएनएमध्ये स्वतःवरच दुमडून केसातल्या पिनेसारखा आकार घेतो. आणि १९१६ ते १९२१ या सहा अक्षरांत आरएनए येथे तोडावे, ही सूचना लिहिलेली असते. डीआर-१ आणि डीआर-२ यांचा मजकूर एकच आहे: टी-टी-सी-ए-सी-सी-टी-सी-टी-जी-सी. ही अकरा अक्षरे दोन्ही ठिकाणी खडूने लिहून ठेवावीत. दुहेरी जागेची शेवटची तीन अक्षरे आणि डीआर-१ ची पहिली तीन अक्षरे एकच आहेत, हे आत्ताच पाहून ठेवावे. पुढे सगळा डोलारा त्या तीन अक्षरांवर उभा राहणार आहे.

प्रत्येक धाग्याला दिशा असते; त्याच्या सुरुवातीला पाच-प्राइम आणि शेवटाला तीन-प्राइम टोक म्हणतात. प्रत्येक पट्टीवर पाच-प्राइम टोकाकडून तीन-प्राइम टोकाकडे जाणारे बाण काढणे अनिवार्य आहे. डीएनएच्या दोन पूरक धाग्यांपैकी आरएनएसारखाच मजकूर असलेला तो धन आणि त्याच्या समोरचा तो ऋण. धन धाग्याचे बाण घड्याळाच्या दिशेने आणि ऋण धाग्याचे त्याविरुद्ध. नवा धागा नेहमी त्याच्या तीन-प्राइम टोकाला वाढतो, हा नियम या संपूर्ण मांडणीत एकदाही मोडत नाही.

विषाणूच्या कणात काय असते, ते आधी मांडावे

१९७० साली डेव्हिड डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला हा कण सुमारे ४२ नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याच्या कवचात जे डीएनए असते, ते वर्तुळाकार दिसते खरे, पण त्याचा एकही धागा सलग जोडलेला नसतो. ते असे मांडावे.

निळ्या पेनाने खुणा केलेली ३,१९१ मिलिमीटरची पट्टी हा ऋण धागा. तिचे पाच-प्राइम टोक १८२६ वर ठेवावे, तेथून उलट दिशेने पूर्ण फेरी घालावी आणि पुन्हा १८२६ वर आल्यावर आणखी पुढे जाऊन १८१८ वर थांबावे. मजकुरापेक्षा जास्त भरलेले हे नऊ मिलिमीटर म्हणजेच दुहेरी जागा. पट्टीच्या पाच-प्राइम टोकाला शाडूचा एक गोळा चिकटवावा. हे विषाणूचे पॉलिमरेज, म्हणजे डीएनए बनवणारे विकर, जे या टोकाला रासायनिक बंधाने कायमचे जोडलेले असते.

धन धागा लाल. त्याच्या सुरुवातीला १८ मिलिमीटरचा हिरवा तुकडा जोडावा, कारण तेवढा भाग डीएनए नसून आरएनए असतो. हा हिरवा तुकडा डीआर-२ वर येईल असा ठेवून लाल पट्टी घड्याळाच्या दिशेने न्यावी आणि साधारण दोन मीटरवर थांबवावी. हा धागा अपुरा असतो आणि किती अपुरा, हे कणाकणाला वेगळे असते, म्हणून येथे अचूक मोजाची गरज नाही.

आता नीट पाहावे. निळ्या पट्टीचे तुटके टोक १८२६ वर, तर लाल पट्टीचे तुटके टोक १६०० च्या सुमारास आहे. या दोहोंतल्या सव्वादोनशे मिलिमीटरच्या भागात लाल पट्टी निळ्याला धरून आहे आणि तेवढ्याच आधारावर हे वर्तुळ वर्तुळ राहिले आहे. अशा डीएनएला शिथिल वर्तुळाकार डीएनए म्हणतात.

डागडुजी: शिथिल वर्तुळापासून बंद वर्तुळापर्यंत

यकृताच्या पेशीत शिरताना विषाणू पित्ताम्ल वाहून नेणाऱ्या एनटीसीपी या प्रथिनाचा आधार घेतो, हे २०१२ साली बीजिंगमधील संशोधकांनी दाखवून दिले. पुढे त्याचे कवच केंद्रकाच्या द्वारापर्यंत पोहोचते आणि शिथिल वर्तुळ केंद्रकात उतरते. हा प्रवास आपल्या मांडणीत दाखवण्याची गरज नाही.

केंद्रकात जी दुरुस्ती होते, ती मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करावी. निळ्या पट्टीवरचा शाडूचा गोळा काढून टाकावा. दुहेरी जागेच्या दोन प्रतींपैकी एक, म्हणजे नऊ मिलिमीटर, कापावी आणि उरलेली दोन टोके चिकटपट्टीने जोडावीत. निळी पट्टी आता बरोबर ३,१८२ मिलिमीटरची झाली पाहिजे. लाल पट्टीचा १८ मिलिमीटरचा हिरवा तुकडा कापावा, रिकामी राहिलेली जागा नव्या लाल पट्टीने भरून काढावी आणि तिचीही टोके जोडावीत. ही सर्व कामे पेशीची स्वतःची विकरे करतात. डीएनएचे लोंबते टोक कापणारे फेन-१, पोकळी भरणारे डीएनए पॉलिमरेज डेल्टा आणि टोके सांधणारे डीएनए लायगेज-१ ही आपल्याच पेशीची नित्याची कारागीर मंडळी आहेत, आणि ती समोर दिसणारे तुटके डीएनए कोणाचे आहे, हे न पाहता दुरुस्त करतात.

जे तयार झाले, त्याला सीसीसी डीएनए म्हणतात: दोन्ही धागे सलग जोडलेले, टोक नसलेले वर्तुळ. त्याभोवती आपल्या गुणसूत्रांप्रमाणेच हिस्टोन प्रथिने गुंडाळली जातात. आपली पेशी त्याला गप्प करण्याचा प्रयत्न करते. एसएमसी-५/६ हा प्रथिनसमूह ते काम करतो, आणि विषाणूचे एक्स प्रथिन या समूहाचाच नाश घडवून आणते. एका पेशीत अशी वर्तुळे मोजकीच असतात, पण ती दीर्घकाळ टिकतात. हे बंद वर्तुळ फरशीवर तसेच राहू द्यावे. पुढच्या कोणत्याही पायरीत त्याला हात लावायचा नाही, कारण प्रत काढताना विषाणूही डीएनएवरून थेट डीएनए बनवत नाही.

वर्तुळापेक्षा लांब आरएनए

सीसीसी डीएनएवरून आरएनए काढण्याचे काम पेशीचे आरएनए पॉलिमरेज-२ करते. त्यातून वेगवेगळ्या लांबीचे आरएनए निघतात. वेष्टनाच्या आणि एक्स प्रथिनाच्या आखूड आरएनएंकडे आपण येथे वळणार नाही. आपल्याला हवे आहे ते सर्वांत महत्त्वाचे, पूर्वजनुकीय आरएनए, म्हणजे ज्याच्यावरून पुढे विषाणूचे नवे डीएनए बनते ते.

हिरव्या पेनाने खुणा करायच्या या पट्टीची सुरुवात १८१८ वर करावी आणि घड्याळाच्या दिशेने वर्तुळाच्या बाहेरून ती फिरवावी. शंभरेक मिलिमीटर गेल्यावर १९१६ ची 'येथे तोडा' ही सूचना येते. येथे थांबायचे नाही. सुरुवातीच्या इतक्या जवळ असल्यामुळे पहिल्या वेळी ही सूचना पाळली जात नाही. पूर्ण फेरी घालून पट्टी पुन्हा १८१८ वर येते, तिथेही न थांबता ती आणखी १२० मिलिमीटर पुढे जाते आणि दुसऱ्यांदा भेटलेल्या सूचनेनंतर संपते. तिच्या सुरुवातीला टोपीची (आरएनएच्या पाच-प्राइम टोकावर बसणाऱ्या रासायनिक गटाची) खूण करावी आणि शेवटी ॲडेनिनांच्या शेपटीसाठी सुमारे २० सेंटिमीटर कोरी पट्टी सोडावी. शेपटीसह ही लांबी साडेतीन मीटरच्या आसपास जाते आणि पुस्तकांत हे आरएनए ३.५ किलोबेसचे, म्हणजे साडेतीन हजार अक्षरांचे, म्हणून सांगितलेले असते, ते याच हिशेबाने.

आता पट्टी उचलून फरशीवर सरळ अंथरावी, कारण आरएनए वर्तुळाकार नसते. फरशीवरच्या खुणांप्रमाणे तिच्यावर नावे लिहिली, की असे दिसते: डीआर-१ दोन्ही टोकांना, एप्सिलॉन दोन्ही टोकांना, डीआर-२ मात्र एकदाच, आणि तेही तीन-प्राइम टोकाच्या बाजूला. या टप्प्यावर वर्गाला पाच मिनिटे नुसते पाहू द्यावे, असे मी आग्रहाने सुचवतो. टोके असलेल्या आरएनएवरून पुन्हा वर्तुळ घडवायचे असेल, तर दोन्ही टोकांना सारखा मजकूर हवा, आणि तो मिळवण्यासाठीच आरएनए वर्तुळाच्या बारा सेंटिमीटर पुढे गेले आहे, ही गोष्ट बहुतेकांना सांगावी न लागता दिसते.

पहिली उडी

हे आरएनए केंद्रकाबाहेर येते आणि त्यावरून कवचाचे प्रथिन तसेच पॉलिमरेज बनते. पॉलिमरेज बहुधा ज्या आरएनएवरून बनले, त्याच्याच पाच-प्राइम टोकाकडील एप्सिलॉनला जाऊन चिकटते. त्या संकेताने कवचप्रथिनाची १२० जोडपी भोवती जमून कवच बंद होते. यापुढील सर्व घडामोडी या बंद कवचात घडतात. शाडूचा नवा गोळा पाच-प्राइम एप्सिलॉनवर ठेवावा.

एप्सिलॉनच्या पिनेत एका बाजूला सहा अक्षरांचा फुगवटा असतो. त्यातील यू-यू-सी या अक्षरांना साचा धरून पॉलिमरेज जी-ए-ए ही डीएनएची तीन अक्षरे बनवते. डीएनए बनवण्यास आरंभीचा एखादा तुकडा लागतो, पण येथे तसा तुकडा नसतो; पॉलिमरेज स्वतःच्या ६३ व्या स्थानावरील टायरोसिन या अमिनो आम्लालाच पहिले अक्षर जोडते. विषाणूच्या कणात ऋण धाग्याच्या टोकाला पॉलिमरेज का चिकटलेले होते, त्याचे उत्तर हेच. तीन मिलिमीटरची निळी पट्टी कापून गोळ्याला लावावी.

आता गोळा आणि त्याची तीन अक्षरे उचलून हिरव्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, तीन-प्राइम बाजूच्या डीआर-१ वर न्यावीत. फरशीवर हे अंतर तीन मीटरहून जास्त आहे. कवचात आरएनए दुमडलेले असल्याने दोन्ही टोके जवळ येतात. डीआर-१ चा आरंभही टी-टी-सी, आरएनएच्या भाषेत यू-यू-सी, असल्याने निळी तीन अक्षरे तेथे जुळतात. येथे चौकस विद्यार्थ्याने एक शंका काढावी आणि न काढल्यास शिक्षकाने काढून द्यावी. चार अक्षरांच्या लिपीत एखादा तीन अक्षरी शब्द ६४ जागांत सरासरी एकदा येतो, म्हणजे ३,३०० अक्षरांत यू-यू-सी पन्नासेक ठिकाणी सापडेल; मग पॉलिमरेज नेमके इथेच का उतरते? केवळ तीन अक्षरांच्या जुळणीने ही जागा ठरत नाही, हे या गणितावरून स्पष्ट होते. तीन-प्राइम डीआर-१ जवळचा एक छोटा मजकूर एप्सिलॉनच्या एका भागाशी जुळतो आणि दोन टोकांना शेजारी आणतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

एप्सिलॉन सोडून पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण ती आपल्याकडच्या ए आणि डी या दोन्ही जनुकप्रकारांशी निगडित आहे. १८९६ वे अक्षर एप्सिलॉनमध्ये येते आणि पिनेत त्याची जोडी १८५८ व्या अक्षराशी असते. १८९६ वर जी ऐवजी ए आले, तर ई-प्रतिजन (रक्तात सुटणारे विषाणूचे एक प्रथिन) बनवणाऱ्या मजकुरात मध्येच पूर्णविराम पडतो, आणि रुग्णाच्या रक्तात विषाणू असूनही ई-प्रतिजनाची तपासणी नकारार्थी येते. डी प्रकारात १८५८ वर यू असतो, त्यामुळे हा बदल झाल्यास पिनेची जोडी उलट अधिक घट्ट बसते. ए प्रकारात तेथे सी असतो, बदलाने जोडी तुटते आणि पीन बिघडते. म्हणून हा बदल डी प्रकारात वारंवार आढळतो आणि ए प्रकारात क्वचित. प्रयोगशाळेच्या अहवालातील एका ओळीमागे आरएनएच्या घडीची एवढी काटेकोर अट असते.

पेन्सिल आणि कातर

ऋण धागा आता आरएनएच्या तीन-प्राइम टोकाकडून पाच-प्राइम टोकाकडे वाढतो. आरएनएवरून डीएनए बनवण्याच्या या क्रियेला उलट प्रतिलेखन म्हणतात. या कुळातील विषाणूंत ती घडते, हे जेसी समर्स आणि विल्यम मेसन यांनी १९८२ साली बदकांच्या हिपॅटायटिस बी विषाणूवर दाखवले. डीएनए असलेला विषाणू स्वतःची प्रत आरएनएच्या वाटेने काढतो, ही त्या काळी अनपेक्षित गोष्ट होती.

पॉलिमरेजला या कामासाठी दोन हात आहेत: एक डीएनए लिहिणारा आणि दुसरा, आरनेज-एच नावाचा, वाचून झालेले आरएनए कापणारा. यासाठी पेन्सिल आणि कातर एका पट्टीला अशा बांधाव्यात की कातरीचे टोक पेन्सिलीच्या १८ मिलिमीटर मागे राहील. एकाने निळी पट्टी हिरव्या पट्टीलगत पुढे न्यावी आणि दुसऱ्याने मागून हिरव्या पट्टीचे तुकडे पाडत यावे. घाई करू नये. साधारण सव्वादोनशे मिलिमीटरनंतर डीआर-२ ची प्रत निघेल, मग उरलेला मजकूर, आणि शेवटी पाच-प्राइम बाजूचा डीआर-१. पेन्सिल १८१८ वर, म्हणजे आरएनएच्या अगदी कडेवर, येऊन थांबते. पुढे आरएनए नाही, त्यामुळे पॉलिमरेजही सरकत नाही, आणि कातर १८ मिलिमीटर मागेच अडकते. टोपीसकट सुमारे १८ अक्षरांचा हिरवा तुकडा न कापता उरतो. तो कोणी मुद्दाम राखून ठेवलेला नसतो. दोन हातांतील अंतराने तो उरतो.

निळी पट्टी मोजावी. ती १८२६ वर सुरू झाली, एक फेरी पूर्ण करून पुन्हा १८२६ वरून गेली आणि १८१८ वर संपली: ३,१९१ मिलिमीटर. सुरुवातीला ज्या नऊ मिलिमीटरांचे कारण सांगितले नव्हते, ते येथे आपोआप मिळते.

दुसरी आणि तिसरी उडी

उरलेल्या हिरव्या तुकड्यात आधी सहा अक्षरे, मग डीआर-१ ची अकरा आणि शेवटी एक अक्षर आहे. डीआर-१ आणि डीआर-२ यांचा मजकूर एकच असल्यामुळे हा तुकडा डीआर-१ वरून उचलून निळ्या पट्टीवरील डीआर-२ शी जुळवता येतो. निळ्या पट्टीवर डीआर-२ हे पाच-प्राइम टोकाजवळ आहे, हे लक्षात घ्यावे. तेथे हा हिरवा तुकडा प्रायमर, म्हणजे डीएनए बनवण्यास लागणारा आरंभीचा तुकडा, ठरतो आणि त्याच्या तीन-प्राइम टोकापासून लाल पट्टी सुरू होते.

लाल पट्टी सव्वादोनशे मिलिमीटर चालते आणि १८२६ वर निळ्या पट्टीच्या टोकाशी, म्हणजे शाडूच्या गोळ्याशी, येऊन धडकते. साचा संपला. परंतु लाल पट्टीवर आत्ताच लिहिली गेलेली शेवटची नऊ अक्षरे दुहेरी जागेची आहेत, आणि त्या जागेची दुसरी प्रत निळ्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाला शिल्लक आहे. निळ्या पट्टीचे ते तीन-प्राइम टोक वळवून जवळ आणावे, लाल टोक पहिल्या प्रतीवरून सोडवून दुसऱ्या प्रतीवर बसवावे. निळी पट्टी वर्तुळात वळली. लाल पट्टी १८२७ पासून पुढे चालू लागते. कवचाच्या बंद जागेत ती बहुधा पूर्ण होत नाही, म्हणून आपणही साधारण दोन मीटरवर थांबावे.

तयार झालेले वर्तुळ सुरुवातीला मांडलेल्या शिथिल वर्तुळाशी ताडून पाहावे: पॉलिमरेजचा गोळा, नऊ मिलिमीटरची दुहेरी जागा, हिरवा प्रायमर आणि अपुरा लाल धागा, चारही गोष्टी आपापल्या जागी असल्या पाहिजेत. हे कवच वेष्टन घेऊन पेशीबाहेर पडते किंवा पुन्हा केंद्रकाकडे वळून बंद वर्तुळांच्या साठ्यात भर घालते.

दुसरी उडी चुकते तेव्हा

काही कवचांत हिरवा तुकडा डीआर-१ वरून हलतच नाही आणि लाल पट्टी तेथूनच सुरू होते. हे करून पाहावे: लाल पट्टी निळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते आणि वर्तुळाऐवजी सरळ दुहेरी डीएनए मिळते. असे सरळ डीएनए रुग्णाच्या पेशीतील गुणसूत्रात तुटलेल्या जागी शिरू शकते, आणि यकृताच्या कर्करोगाशी या शिरकावाचा संबंध आहे. या पट्टीवर १५५ ते ८३५ हा पृष्ठप्रतिजनाचा, म्हणजे विषाणूच्या वेष्टनातील प्रथिनाचा, मजकूर शोधावा. तो मध्ये अखंड आहे. पूर्वजनुकीय आरएनए सुरू करणारा मजकूर मात्र एका टोकाला गेला आणि त्याने वाचायचा भाग दुसऱ्या टोकाला. म्हणून गुणसूत्रात शिरलेल्या या प्रतीवरून पृष्ठप्रतिजन बनत राहते, पण नवा विषाणू बनत नाही.

औषध नेमके कोठे बसते

टेनोफोविर आणि एन्टेकॅविर ही औषधे पॉलिमरेजची पेन्सिल थांबवतात. टेनोफोविर निळ्या पट्टीत अक्षर म्हणून शिरते, पण त्याला पुढचे अक्षर जोडण्यासाठी लागणारा हायड्रॉक्सिल गट नसतो. मांडणीत एका जागी काळा ठिपका देऊन निळी पट्टी तेथेच तोडावी. लॅमिव्हुडिनही याच जागी काम करते, परंतु या पॉलिमरेजला चूक तपासण्याची सोय नसल्याने बदल पुष्कळ होतात, आणि २०४ व्या स्थानावरील मेथिओनिन बदलले की लॅमिव्हुडिन निष्प्रभ ठरते.

फरशीवरचे बंद वर्तुळ पाहावे. पेन्सिल थांबली तरी त्याला काहीच झालेले नाही. रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत दिसेनासे झाल्यावर स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या, तर याच वर्तुळावरून पुन्हा आरएनए निघू लागते. आपल्या जिल्ह्यात अजूनही कावीळ म्हटली की माळ घालायला किंवा नाकात थेंब सोडायला नेणारी माणसे आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्यांना हे वर्तुळ दाखवून सांगावे की माळ किंवा थेंब केंद्रकापर्यंत पोहोचत नाहीत, तपासणी आणि उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत, आणि बाळाला जन्मापासून २४ तासांच्या आत मिळणारी लस चुकवू नये.

मांडणी जुळली नाही तर

शेवटी वर्तुळ बसले नाही, तर चूक बहुधा तीनपैकी एका जागी असते. निळी पट्टी ३,१८२ मिलिमीटरच भरली, तर पेन्सिल आरएनएच्या कडेपर्यंत नेलेली नाही किंवा ती १८२६ ऐवजी १८१८ वर सुरू केली आहे. तीन-प्राइम बाजूला डीआर-१ सापडतच नसेल, तर आरएनए पहिल्याच सूचनेवर तोडले आहे. लाल पट्टी सव्वादोनशे मिलिमीटरवर अडून राहिली आणि पुढे काय करावे, हे सुचत नसेल, तर निळ्या पट्टीवरचे बाण तपासावेत. ते धन धाग्याच्या दिशेने काढले गेले असतील, तर दुहेरी जागेची दुसरी प्रत समोर असूनही ती ओळखू येत नाही.